कोळंबीचे मोल

(समुद्रकाठी तळी खणून त्यांत कोळंबी वाढविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक विकसनशील देशांत झपाट्याने पसरला. या उद्योगाने संपत्ती दिली. त्याबरोबर जमीन, पाणी आणि लोकजीवन यांची हानीही केली. तमिळनाडू व आंध्र प्रदेश यांच्या किनाऱ्यावर जे घडले, त्याच्या आधारे या हानीचे स्वरूप प्रस्तुत पाठात स्पष्ट केले आहे.)

बाजारात गेलेला मनुष्य वस्तूची किंमत विचारतो, ती चुकती करतो आणि व्यवहार संपला असे समजून घरी येतो. परंतु पुष्कळ वस्तू अशा असतात, की त्यांच्या किमतीचा काही भाग गिऱ्हाइकाकडून वसूल होतच नाही. तो दुसऱ्याच कोणाला तरी भरावा लागतो. आणि ज्याला तो भरावा लागतो, त्याच्या ताटात ती वस्तू बहुधा कधीच पडत नाही. तळ्यांत वाढविलेली कोळंबी ही अशीच एक वस्तू आहे. अमेरिका, जपान आणि युरोप येथील भोजनगृहांत ती चवीने खाल्ली गेली. गिऱ्हाइकांनी तिचे दामही रोख मोजले. तथापि तिच्या किमतीचा उरलेला हप्ता बंगालच्या उपसागराकाठच्या शेतमजुरांनी, कोळ्यांनी आणि डोक्यावर घागर घेऊन दूरवर पायपीट करणाऱ्या स्त्रियांनी भरला. तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोळंबी वाढविणे हे मुळात वाईट आहे, असे नव्हे. भारताच्या किनाऱ्यावरील लोकांना ही विद्या शतकानुशतके अवगत आहे. केरळात एर्नाकुलम, आलप्पुळा व त्रिशूर या जिल्ह्यांतील खाजणांत 'पोक्काळी' नावाची भातशेती करतात. पावसाच्या धारांनी जमिनीतील मीठ धुऊन निघाले, की उंच वाढणारे आणि खारेपणा सोसणारे भात तेथे पेरतात. कापणीच्या वेळी केवळ लोंब्या कापून घेतात व ताटे पाण्यातच राहू देतात. पुढे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच खाचरांत भरतीचे पाणी घेतात. त्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले आपोआप आत येतात, कुजणाऱ्या ताटांच्या आश्रयाने पोसतात, आणि त्यांची विष्ठा पुढील भाताला खत म्हणून उपयोगी पडते.

गोव्याच्या खाजणभूमीतही हाच विवेक दिसतो. नदीतून चढणारे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवायचे, बांधातील 'मानस' नावाच्या दरवाज्यातून ते बेताबेताने आत-बाहेर सोडायचे, पावसाळ्यात 'कोरगूट' जातीचे भात पिकवायचे आणि मानशीपाशी जाळे लावून मासळी व कोळंबी धरायची, अशी ती पद्धत. बांधांची राखण गाव मिळून करी. केरळातील शेतकरी काय किंवा गोव्यातील गावकरी काय, समुद्राकडून घेत होते ते समुद्राच्या कलाने. भाताचा हंगाम भाताला आणि कोळंबीचा हंगाम कोळंबीला, अशी वाटणी त्यांनी ठरवून दिली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जुन्या विद्येला निराळेच वळण लागले. जपान व तैवान येथील संशोधकांनी कोळंबीची अंडी हौदांत उबवून तिचे बीज हवे तेव्हा आणि हवे तेवढे निर्माण करण्याची युक्ती साधली. पिल्ले आणून देणाऱ्या भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. अंगावर वाघासारखे पट्टे असलेली 'टायगर' कोळंबी तळ्यांत दाटीने वाढवून परदेशी पाठविण्याचा उद्योग तैवानात भरभराटीस आला. परंतु ही भरभराट अल्पायुषी ठरली. १९८७ साली उत्पादनात अग्रेसर असलेल्या तैवानात रोगाची साथ आली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुमारे एकतृतीयांशावर घसरले. भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा केल्यामुळे तेथील किनाऱ्याची जमीनही ठिकठिकाणी खचली. पुढच्याला ठेच लागली म्हणजे मागच्याने शहाणे व्हावे, अशी म्हण आहे. पण येथे तसे घडले नाही. तैवानातील तळी ओस पडत असताना थायलंड, इंडोनेशिया, बांगलादेश व भारत या देशांच्या किनाऱ्यांवर नवी तळी खणली जाऊ लागली.

विकसनशील देशांना यंत्रे, तेल आणि औषधे विकत घेण्यासाठी परकीय चलनाची निकड असते. कोळंबीला परदेशांत सोन्यासारखा भाव मिळत होता. सरकारांनी उत्तेजन दिले, बँकांनी कर्जे दिली आणि १९९२ साली जागतिक बँकेनेही भारतातील कोळंबी व मत्स्यसंवर्धनासाठी कर्ज मंजूर केले. या उद्योगाला कोणी 'निळी क्रांती' म्हणू लागले. समुद्राशी ज्यांचा कधी संबंध आला नव्हता, अशा कंपन्यांनीही किनाऱ्यावर जमिनी घेतल्या. आंध्र प्रदेशातील नेल्लूरपासून तमिळनाडूतील नागपट्टिनमपर्यंत यंत्रांच्या साहाय्याने तळी खणण्याचे काम सुरू झाले.

या तळ्यांचे गणित एकदा ध्यानात आले, म्हणजे पुढील अनर्थाचे कारण सहज उमगते. एक हेक्टर विस्ताराच्या तळ्यात एक मीटर खोल पाणी भरावयाचे, तर एक कोटी लिटर पाणी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टायगर कोळंबी झपाट्याने वाढावी म्हणून हे पाणी सौम्य करणे इष्ट असते. त्यासाठी कूपनलिकांनी भूगर्भातील गोडे पाणी उपसून त्यात मिसळीत. लिटरमागे २० ग्रॅम क्षार राहतील इतके पाणी सौम्य केले, तरीदेखील त्या एका तळ्यात २०० टन मीठ विरघळलेल्या रूपात उभे राहते. दर चौरस मीटरला वीस पिल्ले सोडली, तर एका हेक्टरात दोन लाख कोळंब्या वाढू लागतात. एवढ्या दाटीत त्यांना श्वासापुरता प्राणवायू मिळावा म्हणून पाण्यावर यंत्राची चाके रात्रंदिवस फिरवावी लागतात. दिवसातून अनेक वेळा खाद्य टाकावे लागते. सुमारे चार महिन्यांत पीक तयार होते. विष्ठा आणि कुजलेले खाद्य यांमुळे पाणी घाण झाले, की त्याचा काही भाग बाहेर सोडून नवे पाणी भरतात. बाहेर सोडलेले पाणी जाते ते जवळच्या ओढ्यात, खाडीत किंवा कालव्यात.

पहिला घाव बसला तो पिण्याच्या पाण्यावर. समुद्रकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि जमिनीखालच्या जड खाऱ्या पाण्यावर ते जणू तरंगत राहते. गावातील विहिरींना पाझर असतो तो या गोड्या थराचा. कूपनलिकांनी तो थर उपसला, की खालचे आणि बाजूचे खारे पाणी त्याची जागा घेते. शिवाय प्रत्येक तळ्याच्या तळातून खारे पाणी सतत झिरपत असते. अशा रीतीने वरून आणि खालून मीठ शिरल्यावर विहिरी मचूळ होऊ लागल्या. आंध्र प्रदेशातील नेल्लूर जिल्ह्यात कुर्रू नावाच्या कोळ्यांच्या गावी सुमारे सहाशे लोकवस्तीला पिण्यायोग्य पाणी उरले नाही. गावातील स्त्रियांनी निषेध केला, तेव्हा टँकरने पाणी पुरविण्यात आले. पिढ्यान्पिढ्या ज्या विहिरींवर गावाने तहान भागविली, त्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असूनही गावाच्या तोंडचे पाणी पळाले.

दुसरा घाव जमिनीवर बसला. कावेरी नदीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे तमिळनाडूचे भाताचे कोठार. सपाट जमीन, गाळाची माती आणि कालव्यांचे जाळे यांमुळे तेथे शतकानुशतके भात पिकत आले आहे. तळ्याचे मीठ बांधापलीकडे झिरपून शेजारच्या खाचरात उतरले, की भाताची रोपे पिवळी पडू लागतात. मातीतील पाण्यात मीठ अधिक झाले म्हणजे मुळांना ते पाणी शोषून घेता येत नाही. शेतात पाणी उभे असूनही रोप तहानेने मरते. चिकणमातीत मीठ मुरले, की तिचा पोत बिघडतो. ती वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. ज्याने तळे खणले नाही, पण ज्याचे शेत तळ्याला लागून होते, त्या शेतकऱ्याची अशी कोंडी झाली. पीक येईना, तेव्हा त्यानेही आपले शेत पडत्या भावाने विकले. एक तळे अशा रीतीने दुसऱ्या तळ्याला जागा करून देत गेले.

शेत गेले, म्हणजे केवळ मालकाचेच नुकसान होते असे नाही. भाताची लावणी, बेणणी, कापणी आणि मळणी या कामांना पुष्कळ हात लागतात. त्या कामांवर भूमिहीन मजुरांची, विशेषतः स्त्रियांची, मीठभाकर चालते. तळी खणताना काही महिने मजुरी मिळाली खरी. परंतु तळे एकदा तयार झाले, की त्याला खाद्य टाकणारे आणि राखण करणारे मोजके नोकर पुरतात. जमिनीचा मालक निदान जमिनीचे पैसे घेऊन गेला. मजुराजवळ विकावयाला काहीच नव्हते. त्याच्या पोटावर मात्र पाय आला.

तिसरा घाव समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांवर बसला. किनाऱ्यालगत तळी आणि कुंपणे झाल्यामुळे कित्येक ठिकाणी कोळ्यांना आपल्या होड्यांपर्यंत जाण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागू लागला. तळ्यांतील घाण पाणी खाडीत उतरल्याने तेथील मासळी कमी झाली. काही देशांत तर तळ्यांसाठी खारफुटीची विस्तीर्ण वने तोडण्यात आली. खारफुटी म्हणजे चिखलात वाढणारी, भरतीच्या पाण्यात मुळे रोवून उभी राहणारी झाडे. कोकणातील लोक त्यांतील एका जातीला तिवर म्हणतात. या झाडांच्या मुळांच्या जाळ्यात मासे, खेकडे आणि कोळंबी यांची पिल्ले सुरक्षित वाढतात. खारफुटी तोडणे म्हणजे समुद्राचा पाळणाच मोडणे होय. वादळाच्या लाटांचा जोरही ती काही प्रमाणात मोडते. २६ डिसेंबर २००४ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या प्रचंड लाटा आदळल्या, तेव्हा पिचावरम येथील खारफुटीच्या आड वसलेल्या काही वस्त्यांना इतर वस्त्यांच्या मानाने कमी झळ पोहोचल्याचे निरीक्षकांनी नोंदविले आहे.

तळ्यात कोळंबी वाढविली म्हणजे समुद्रातील मासळीवरचा भार हलका होईल, असे वरवर पाहता वाटते. पण कोळंबीच्या खाद्यात मत्स्यचूर्ण घालतात, आणि एक किलो मत्स्यचूर्ण तयार करण्यासाठी सुमारे चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. ही मासळी बहुधा लहान आणि स्वस्त असते. गरीब घरातील ताटात पडते ती हीच. तिचे चूर्ण होऊन ते श्रीमंतांच्या कोळंबीला खाऊ घातले जाऊ लागले. पुढे खाद्यात सोयाबीनसारख्या धान्यांचे प्रमाण वाढविण्यात आले, तरी मत्स्यचूर्णाची गरज सर्वस्वी संपली नाही.

एवढी हानी सोसून मिळालेला नफा तरी टिकला काय? तोही टिकला नाही. १९९४ च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर श्वेतबिंदू रोगाची साथ आली. या रोगाच्या विषाणूपासून माणसाला अपाय होत नाही. परंतु तो तळ्यात शिरला, की कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत सगळे तळे मरून जाऊ शकते. एका तळ्याचे सोडलेले पाणी दुसऱ्या तळ्यात घेतले जात असल्यामुळे साथ वणव्यासारखी पसरली. मोठ्या कंपन्या नुकसान सोसून दुसऱ्या धंद्याकडे वळल्या. ज्या लहान शेतकऱ्यांनी कर्ज काढून तळी खणली होती, त्यांच्यापाशी उरले ते कर्ज आणि मिठाने मेलेली जमीन. ओस पडलेल्या तळ्यात पुन्हा भात पेरणे सोपे नसते. मातीतील मीठ धुऊन निघण्यास अनेक पावसाळे जावे लागतात.

या अन्यायाला वाचा फोडणाऱ्यांत एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ यांचे नाव अग्रभागी आहे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले जगन्नाथन पुढे विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत सामील झाले. १९६८ साली तंजावर भागातील किळवेण्मणी या गावी मजुरीच्या तंट्यातून चव्वेचाळीस दलितांची हत्या झाली. त्यानंतर या दांपत्याने त्याच भागात राहून भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याचे व्रत घेतले. १९८१ साली त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था स्थापन केली. जमीनदारांकडून वाजवी किमतीला जमीन घ्यावयाची आणि ती भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांच्या नावावर करून द्यावयाची, असे या संस्थेचे कार्य. ज्या प्रदेशात इतक्या कष्टाने गरिबांच्या हाती जमीन आली, त्याच प्रदेशात कोळंबीच्या तळ्यांनी ती नासू लागली. वृद्धापकाळीही जगन्नाथन स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पदयात्रा काढल्या, उपोषणे केली, गावोगाव सभा घेतल्या. आणि १९९४ साली ग्रामस्वराज्य चळवळीच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला.

न्यायालयाने केवळ दोन्ही पक्षांची भाषणे ऐकून निकाल दिला नाही. प्रत्यक्ष पाहणीचे काम त्याने नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेवर सोपविले. १९९५ साली या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर जाऊन तळी, विहिरी, माती आणि गावे यांची तपासणी केली. त्यांच्या अहवालातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोळंबीच्या विक्रीतून आलेले उत्पन्न त्यांनी एका पारड्यात टाकले. बुडालेले पीक, गेलेली मजुरी, नासलेले पाणी, घटलेली मासळी यांचे मोल दुसऱ्या पारड्यात टाकले. दुसरे पारडे जड ठरले. देशाला परकीय चलन मिळवून देणारा म्हणून ज्या उद्योगाचा गौरव होत होता, तो वास्तविक देशाचे नुकसानच करीत होता. हे नुकसान दिसत नव्हते याचे कारण एवढेच, की नफा एकाच्या वहीत लिहिला जात होता आणि तोटा हजारो झोपड्यांत विभागला गेला होता. त्या झोपड्यांत वह्या नव्हत्या.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीपसिंग व न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार उधाणाच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा संरक्षित ठरला होता. या पट्ट्यात उभारलेली कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी मोडून टाकावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. ज्याने प्रदूषण केले, त्यानेच हानी भरून द्यावी, हे तत्त्वही त्याने सांगितले. परंपरागत आणि सुधारित परंपरागत पद्धतीची कोळंबी शेती मात्र या बंदीतून वगळण्यात आली. समुद्राच्या कलाने चालणाऱ्या जुन्या विद्येला न्यायालयाने दोष दिला नाही, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

निकाल झाला म्हणून सर्व तळी मोडली गेली असे मात्र नाही. फेरविचाराचे अर्ज झाले, अंमलबजावणी लांबली, आणि २००५ साली संसदेने किनारी मत्स्यसंवर्धनासाठी स्वतंत्र कायदा करून एक प्राधिकरण स्थापन केले. तळ्यांची नोंदणी सक्तीची झाली. खारफुटी आणि शेतजमीन यांचे तळ्यांत रूपांतर करू नये, सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, असे नियम झाले. २००९ साली अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील 'वनामी' जातीच्या कोळंबीला भारतात परवानगी मिळाली आणि उद्योगाने पुन्हा उचल खाल्ली. आज भारत हा कोळंबी निर्यात करणाऱ्या अग्रगण्य देशांपैकी एक असून आंध्र प्रदेशाचा वाटा त्यात सर्वांत मोठा आहे. लक्षावधी लोकांना या उद्योगात काम मिळते, ही गोष्ट नाकारता येणार नाही. तथापि परक्या बाजारावर विसंबण्याची जोखीमही त्यात आहेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा तिची झळ आंध्रच्या तळ्यापर्यंत येऊन पोहोचली. जगन्नाथन व कृष्णम्माळ यांना २००८ साली 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली जगन्नाथन निवर्तले.

अन्य देशांतही याच प्रकारची कहाणी घडली. बांगलादेशात खारे पाणी शेतांत येऊ नये म्हणून १९६० नंतर किनाऱ्यावर मोठमोठे बांध घातले होते. पुढे कोळंबीच्या लोभाने त्याच बांधांना भोके पाडून खारे पाणी आत घेण्यात येऊ लागले. खुलना जिल्ह्यातील हरिणखोला या गावी भूमिहीन स्त्री-पुरुषांनी याला विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विरोधकांच्या अग्रभागी असलेल्या करुणामयी सरदार या स्त्रीची हत्या झाली. तिच्या बलिदानामुळे तेथील भाताची शेते वाचली, आणि दरवर्षी त्या दिवशी गावकरी तिचे स्मरण करतात. थायलंडात काही जणांनी समुद्रापासून दूर असलेल्या गोड्या पाण्याच्या भातशेतीत खारे पाणी वाहून नेऊन कोळंबी वाढविण्यास आरंभ केला होता. भाताच्या देशात हे फार काळ चालू देणे धोक्याचे आहे, हे ओळखून तेथील सरकारने १९९८ साली अशा शेतीवर बंदी घातली.

या सर्व कहाणीतून कोळंबी खाऊ नये किंवा नवे ज्ञान स्वीकारू नये, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गरीब देशांना उद्योग हवेत, निर्यात हवी आणि कामही हवे. परंतु कोणताही उद्योग आरंभताना त्याचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. मालकाला काय मिळेल एवढेच विचारून भागत नाही. शेजारच्या शेताचे काय होईल, गावच्या विहिरीचे काय होईल, ज्याच्यापाशी जमीन नाही आणि होडीही नाही त्याचे काय होईल, हेही विचारावे लागते. हे प्रश्न वेळेवर विचारले असते, तर कुर्रूच्या स्त्रियांना टँकरची वाट पाहावी लागली नसती. पोक्काळीचा शेतकरी वहीत आकडे मांडीत नव्हता. पण समुद्राचे पाणी आत घेण्यापूर्वी ते पुन्हा बाहेर कसे जाईल, याचा विचार त्याने आधी केलेला असे.

शब्दार्थ

खाजण : समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीचे पाणी येणारी सखल जमीन.
मचूळ : किंचित खारट, पिण्यास बेचव.
उधाण : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती.
बेणणी : पिकातील तण काढणे.
त्रिभुज प्रदेश : नदी समुद्राला मिळते तेथे गाळाने तयार झालेला त्रिकोणी प्रदेश.
मत्स्यचूर्ण : मासळी वाळवून, दळून केलेली भुकटी.
प्राधिकरण : विशिष्ट कामासाठी अधिकार दिलेली सरकारी संस्था.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) पोक्काळी शेतीत भात आणि कोळंबी एकमेकांना कशी उपकारक ठरतात?
(आ) तळ्यांमुळे गावच्या विहिरी मचूळ का झाल्या?
(इ) तळ्यांमुळे भूमिहीन मजुरांचे नुकसान जमिनीच्या मालकापेक्षा अधिक कसे झाले?
(ई) नागपूरच्या संस्थेने कोणत्या दोन गोष्टींची तुलना केली? तिचा निष्कर्ष काय निघाला?

२. कारणे द्या.
(अ) शेतात पाणी उभे असूनही भाताचे रोप तहानेने मरते.
(आ) खारफुटी तोडणे म्हणजे समुद्राचा पाळणा मोडणे होय.
(इ) न्यायालयाने परंपरागत कोळंबी शेतीला बंदीतून वगळले.

३. 'त्या झोपड्यांत वह्या नव्हत्या', या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
तोंडचे पाणी पळणे, पोटावर पाय येणे, वाचा फोडणे, उचल खाणे.

५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा व समास ओळखा.
मीठभाकर, गावोगाव, शेतमजूर, स्त्री-पुरुष.

६. गणित करा : अर्धा हेक्टर विस्ताराच्या तळ्यात एक मीटर खोल पाणी आहे. त्यात दर लिटरला १५ ग्रॅम क्षार असल्यास तळ्यात एकूण किती टन क्षार असतील?

७. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा उद्योग निवडा. त्यापासून कोणाला लाभ होतो व त्याचा भार कोणावर पडतो, याची वडील माणसांकडून माहिती मिळवा आणि पंधरा-वीस ओळी लिहा.